सरकारी गोळी चांगली आहे, बाकीचं मागून घ्या

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांचे वडील, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, वय ५६, केळी-कापसाची शेती. २००९ साली एचआयव्ही निघाला, तेव्हापासून सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून, गोळ्या चालू आहेत. गोळ्या दोन-तीनदा बदलल्या, आता रोज एकच आहे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दर वर्षी ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (सापडला नाही) येतो. आई निगेटिव्ह आहे. गेल्या काही वर्षांत नानांचं वजन ६१ वरून ७० किलोवर गेलं, यंदा शुगर निघाली आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, १.३ आलं. गावातले डॉक्टर म्हणतात, सरकारी गोळ्यांनी किडनी जाते, मुंबईला खासगीत दाखवा. भाऊ सुरतला असतो, तो नानांना तिकडे न्यायला बघतोय. नानांचं स्वतःचं म्हणणं वेगळंच आहे: “आते बरं वाटस, मंग गोया कसाले?” शिवाय ताईंचं लग्न ठरतंय, तर सासरी हे सांगावं लागेल का, हाही प्रश्न आहे.

ताई, घाईचं तेवढं आधी सांगतो. नानांना खासगीत हलवू नका, आणि कुणाच्याही सांगण्यावरून एक दिवससुद्धा गोळी बंद करू नका. दर वर्षी रक्तात विषाणू सापडत नाही म्हणजे गोळी तिचं काम चोख करते आहे. मुंबईतला महागातला महाग डॉक्टरही याहून चांगला रिपोर्ट आणून देणार नाही, कारण याहून चांगला रिपोर्ट नसतोच.

मात्र दर तीन महिन्यांनी केंद्रावर जायचं, बाटल्या पिशवीत टाकायच्या आणि पहिली एसटी पकडायची, एवढ्यावर नानांचं आता भागणार नाही. खान्देशातल्या सरकारी केंद्रांवर बरीच वर्षं काम करून माझं मत असं झालंय: एचआयव्हीची गोळी माणसापर्यंत पोचवण्याचा प्रश्न आपल्या सरकारी व्यवस्थेने चांगला सोडवला. त्या गोळीवर पंधरा-वीस वर्षं जगलेल्या माणसाची किडनी, शुगर, हृदय, झोप कोण बघणार, हे मात्र अजून अधांतरी आहे. एआरटी केंद्रांची घडी बसली ती मरणाच्या दारातून आलेल्या तिशी-पस्तिशीतल्या माणसांसाठी. ती माणसं जगली आणि आता पन्नाशी-साठीत आली. केंद्राची रांग, वेळ आणि माणसं मात्र जवळपास तेवढीच आहेत, आणि समुपदेशकापासून तंत्रज्ञापर्यंत बहुतेक जण कंत्राटी. त्यामुळे गोळी आपोआप हातात पडते, बाकीचं मागून घ्यावं लागतं.

नाना ज्या काळात सुरू झाले तो काळ तुम्हाला माहीत असायला हवा, कारण त्यांच्या आजच्या काही तक्रारी तिथून आलेल्या असू शकतात. देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला आठ सरकारी रुग्णालयांत सुरू झाली. त्यात मुंबईचं जे. जे. होतं. आपल्याकडच्या माणसाला तेव्हा रात्रभर रेल्वेने जाऊन, व्हीटीला उतरून, रांगेत उभं राहावं लागायचं. नंतर केंद्रं जिल्ह्यापर्यंत आली, पण पांढऱ्या पेशी, म्हणजे सीडी-४, बऱ्याच खाली घसरल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत. ही अट सैल होत होत २०१७ साली गेलीच. तेव्हापासून पेशी कितीही असोत, निदान झालं की औषध. नानांच्या वेळच्या गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्या लागायच्या. स्टॅव्ह्युडीनने गालफडं बसायची आणि तळपायाची आग व्हायची. झिडोव्हुडीनने रक्त कमी व्हायचं. नेव्हिरापिनने सुरुवातीला अंगावर पुरळ यायची, कधी लिव्हरला त्रास. नंतर आली टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि इफाव्हिरेन्झ यांची एकत्र गोळी, रात्री झोपताना घ्यायची. तिने कित्येकांना गरगरायचं, चित्रविचित्र स्वप्नं पडायची. आता इफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्रॅव्हिर आहे. तीन औषधांची ही एक गोळी, केंद्रात तिला ‘टीएलडी’ म्हणतात. नानांचे तळपाय अजून बधिर वाटत असतील तर तो जुन्या गोळ्यांचा मागे राहिलेला परिणाम असू शकतो. पण आता शुगरही निघाली आहे, तेव्हा पाय तपासून घ्या. दोन्ही कारणं एकाच पायात नांदू शकतात.

सरकारी म्हणजे हलकी गोळी, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. पॅरासिटामॉलपासून सगळ्याच गोळ्यांबद्दल तो असतो. एचआयव्हीच्या औषधांबाबत तरी त्याला काही आधार नाही. २००१ साली सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा डोस ३५० डॉलरला देऊ केला आणि आफ्रिकेतल्या उपचारांचं गणितच बदललं. आजही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले बहुसंख्य रुग्ण भारतीय कंपन्यांच्याच गोळ्या घेतात. नॅको, म्हणजे केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संघटना, त्याच प्रकारच्या कंपन्यांकडून देशभरासाठी एकत्र खरेदी करते. खासगीत गेलात तर नानांना बहुधा हीच तीन औषधं लिहून देतील, फक्त बिल तुमचं. आणि मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे: शेतीचं एखादं साल बिघडलं, केळीचा भाव पडला, की आधी खर्च कापला जातो तो या औषधाचा. मग दोन-चार महिन्यांच्या खंडानंतर माणूस परत सरकारी केंद्रात येतो, जुने कागद नसतात, आणि पेशी निम्म्यावर आलेल्या असतात.

सरकारी बाजूही निर्दोष नाही, हे कबूल करतो. २०२२ साली औषधांचा तुटवडा झाला तेव्हा रुग्णांनी दिल्लीत नॅकोच्या कार्यालयाबाहेर कित्येक दिवस धरणं धरलं होतं. तेव्हा घरात पंधरा-वीस दिवसांच्या गोळ्या नेहमी शिल्लक राहतील, अशा बेताने केंद्रावर जा. बाटली रिकामी झाल्यावर निघायचं नाही. केंद्राने कधी तीन महिन्यांऐवजी पंधरा दिवसांच्याच गोळ्या दिल्या तर चिडून परत येऊ नका, त्या घ्या आणि पुढची तारीख लिहून घ्या.

आता किडनी. गावातले डॉक्टर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. टेनोफोव्हिर काही जणांच्या किडनीला त्रास देतं, हाडंही थोडी विरळ करतं. पण नानांच्या १.३ या आकड्यावरून किडनी जातेय असं म्हणणं म्हणजे ढग बघून पूर आला म्हणण्यासारखं आहे. डोल्युटेग्रॅव्हिरमुळे क्रिएटिनिन लघवीवाटे बाहेर पडण्याचा एक मार्ग थोडा अडतो. त्यामुळे गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला आकडा थोडासा, साधारण ०.१ ते ०.२ ने, वर जातो आणि तिथेच थांबतो. किडनीचं काम मात्र जसंच्या तसं चालू असतं. हे ज्याला माहीत नाही तो डॉक्टर घाबरतो आणि तुम्हालाही घाबरवतो.

म्हणून नानांच्या हिरव्या पुस्तकातले, म्हणजे केंद्राने दिलेल्या नोंदवहीतले, मागचे सगळे क्रिएटिनिन तारखेनिशी एका कागदावर उतरवून काढा. ही गोळी सुरू झाल्यावर आकडा एकदाच वर जाऊन स्थिर असेल तर फारशी काळजी नाही. ०.९, १.०, १.१, १.३ असा चढतच गेला असेल तर मात्र शोध घ्यायला हवा. सोबत लघवीतलं प्रोटीन तपासा. ती तपासणी साधी आणि स्वस्त आहे, पण मागितल्याशिवाय क्वचितच होते. नुसत्या क्रिएटिनिनवर निर्णय घेत नाहीत, वय आणि वजन धरून किडनीची गाळण्याची क्षमता काढतात. ५६ वर्षांचा, ७० किलोचा पुरुष आणि क्रिएटिनिन १.३, तर उत्तर मिनिटाला ६३ मिलिलिटरच्या आसपास येतं. टेनोफोव्हिर बदलायचा विचार साधारण ५० च्या खाली गेल्यावर करतात. नाना अजून त्याच्या वर आहेत, पण नजर ठेवायला हवी अशा जागी आहेत. माझ्यासमोर असते तर तीन महिन्यांत पुन्हा तपासलं असतं.

तोवर तुमच्या हातात असलेली एक गोष्ट करा, तिने बहुतेकदा गोळी बदलण्यापेक्षा जास्त फरक पडतो. अंगदुखीची इंजेक्शनं आणि डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बंद. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, माणूस दिवसभर बागेत घाम गाळतो, पाणी पुरेसं पीत नाही, संध्याकाळी अंग ठणकतं म्हणून गावातच इंजेक्शन टोचून घेतो. कोरडं पडलेलं शरीर, वेदनाशामक आणि टेनोफोव्हिर, वर शुगर. किडनीला चारही बाजूंनी मार. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. किडनीची भीती घालणाऱ्या डॉक्टरांकडूनच हे इंजेक्शन मिळत असेल, तर त्यांनाही हे जरूर सांगा.

किडनी खरंच उतरू लागली तर टेनोफोव्हिरच्या जागी अबॅकाव्हिर देता येतं, तेही सरकारी केंद्रातच मोफत मिळतं. पण त्याआधी हिपॅटायटिस-बी ची तपासणी झालीच पाहिजे. टेनोफोव्हिर हे हिपॅटायटिस-बी चंही औषध आहे. एखाद्याला तो आजार आत दडलेला असेल आणि आपण टेनोफोव्हिर काढून घेतलं, तर लिव्हरचा आजार एकदम उसळी घेतो. शिवाय अबॅकाव्हिरही धुतल्या तांदळासारखं नाही, त्याने हृदयविकाराचा धोका वाढत असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. शुगर असलेल्या, छप्पन्न वर्षांच्या माणसाला हे हसण्यावारी नेता येत नाही. गोळी बदलणं हा निर्णय म्हणून मी केंद्राच्या डॉक्टरांवरच सोडीन, गावातल्या गप्पांवर नाही.

शुगर आणि वजन यांचा गोळीशी संबंध आहे का? थोडा आहे. डोल्युटेग्रॅव्हिरवर कित्येकांचं वजन वाढतं, काहींची शुगर वाढते. पण नानांचं वय, बसून राहणं वाढलं असेल तर ते, आणि आपलं खाणं, हेही त्यात आहे. केळीच्या बागायतदाराला केळी जपून खा म्हणणं जिवावर येतं, तरी म्हणतो. कळण्याची भाकरी चालेल, शेवभाजीवरचा तेलाचा तवंग मात्र कमी करा. औषध म्हणून पहिल्यांदा मेटफॉर्मिनच देतील, ते बरोबरच आहे. फक्त देणाऱ्याला टीएलडी चालू असल्याचं कळलं पाहिजे, कारण डोल्युटेग्रॅव्हिरमुळे मेटफॉर्मिन रक्तात जास्त साचतं. दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. किडनी उतरली तर त्याहून कमी.

इथेच आपल्या व्यवस्थेची फट दिसते. शुगर-बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयाच्या एनसीडी (असंसर्गजन्य आजार) विभागात मोफत मिळतात, एचआयव्हीच्या गोळ्या एआरटी केंद्रात. दोन्ही सरकारी, दोन्ही मोफत, आणि एकमेकांच्या कागदाशी दोघांचा संबंध नाही. माणूस गावातल्या आरोग्य केंद्रात एचआयव्हीचं नाव काढत नाही, कारण तिथली सिस्टर त्याच्या भावकीतली असते. मग मेटफॉर्मिन २००० पर्यंत जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही. यावर मी सुचवतो तो मार्ग असा: शुगरची पहिली चिठ्ठी जिल्ह्याच्या रुग्णालयातून, एआरटी केंद्राने पाठवलेल्या डॉक्टरांकडून घ्या, त्यावर डोसची मर्यादा लिहून घ्या, आणि गावात फक्त तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या घ्या. एचआयव्हीचा उल्लेख नाही, डोस बरोबर. आदर्श मार्ग नाही हा, पण चालतो.

आणखी एक. डोल्युटेग्रॅव्हिरला कॅल्शियम, लोह, झिंक आणि ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध आवडत नाही. ही एकत्र पोटात गेली तर गोळी पुरेशी शोषली जात नाही. एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. भस्मं घातलेली आयुर्वेदिक औषधंही मी याच रांगेत धरतो. बसस्टँडवरच्या ‘ताकदीच्या’ पुड्यांबद्दल न बोललेलं बरं. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीने मात्र अडत नाही. फिटच्या काही जुन्या गोळ्या आणि टीबीचं रिफाम्पिसिन डोल्युटेग्रॅव्हिरचं बळ कमी करतात. टीबी झाला तर टीएलडीसोबत बारा तासांच्या अंतराने डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक गोळी देतात, आणि टीबीचं औषध संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात. टीबीचं कधीच गृहीत धरू नका. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम, यातलं एक जरी दिसलं तरी थुंकी तपासा. जळगाव-धरणगावकडे जिनिंगमध्ये काम करणारे रुग्ण खोकला कापसाच्या धुळीवर ढकलतात आणि महिना घालवतात.

बीपी प्रत्येक भेटीत मोजून घ्या, ते कुणी आपणहून मोजेल याची वाट बघू नका. वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल. एचआयव्ही असलेल्या माणसात हृदयविकार वयाच्या मानाने लवकर आणि जास्त दिसतो. विषाणू दाबलेला असला तरी शरीरात हलकीशी धग राहते असं मानतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीने एचआयव्ही असलेल्यांमधले हृदयाचे गंभीर प्रसंग ३५ टक्क्यांनी कमी झाले. नानांना शुगर आहे, म्हणजे स्टॅटिन, म्हणजे या जातीची गोळी, सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारण्याला दुप्पट कारण आहे. तंबाखू-बिडी असेल तर ती सोडणं या सगळ्याच्या वर.

आता नानांचा प्रश्न, बरं वाटतंय तर गोळ्या कशाला. हा प्रश्न मला सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या पोराने विचारलाय आणि जळगावातल्या प्राध्यापकानेही. रिपोर्टमध्ये विषाणू सापडत नाही म्हणजे वाहत्या रक्तात सापडत नाही. काही पेशींच्या आत तो झोपून असतो, तिथून त्याला आजचं कुठलंच औषध काढू शकत नाही. गोळी थांबली की बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत तो रक्तात परत येतो. मधेमधे सुट्टी देऊन बघू, हा प्रयोगही होऊन गेलाय. २००६ साली पाच हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि आजार वाढलेले दिसले. विशेष म्हणजे हृदय, किडनी आणि लिव्हरचेही आजार वाढले. म्हणजे नानांची किडनी वाचवायला म्हणून गोळी बंद केली तर किडनीचंच नुकसान व्हायची शक्यता जास्त. एखादी गोळी चुकलीच तर लक्षात आल्याबरोबर घ्यावी, दुसऱ्या दिवशीची वेळच आली असेल तर एकच घ्यावी. दोन एकदम घेऊन मागची तूट भरत नाही, ठिबकची चार दिवसांची तूट एका दिवशी पाट सोडून भरत नाही तशी. महिन्यात एखादी चुकली तर घेतलेल्या गोळ्यांचा हिशेब ९५ टक्क्यांच्या वर, म्हणजे हवा तेवढा राहतो, दोन चुकल्या की खाली.

कानबाईचा उपवास असो की नवरात्र, ही गोळी रिकाम्या पोटीही चालते, म्हणून उपवासाचं निमित्त नको. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणारे आणि मुक्ताईच्या पालखीबरोबर महिन्याहून अधिक चालणारे माझे रुग्ण बाटली पिशवीत टाकून जातात, एक दिवस चुकवत नाहीत. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्यायची. बाटली मूळचीच ठेवा, आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका. लोकांना कळू नये म्हणून गोळ्या दुसऱ्या डबीत काढणारे पुष्कळ असतात. तसं करायचंच तर लेबल काढा, बाटली बदलू नका. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात ती माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवा, छताजवळच्या फळीवर नको.

आईंबद्दल. ‘निगेटिव्ह कशी राहिली’ याचं आश्चर्य वाटतं, ते वाटायला नको. विषाणू सतत दाबलेला असला की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. युरोपात शेकडो जोडप्यांवर झालेल्या अभ्यासात, जिथे एक जण पॉझिटिव्ह आणि व्हायरल लोड दाबलेला होता, हजारो वेळा निरोधाशिवाय संबंध येऊनही जोडीदाराकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. आईंची तपासणी अधूनमधून होत राहू द्या, आणि नानांच्या गोळ्या हेच त्यांचं संरक्षण आहे हे नानांना एकदा स्पष्ट सांगा. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडणारा माणूस बायकोचं नाव निघालं की थांबतो, असा माझा अनुभव आहे.

सुरतला न्यायचं असेल तर न्या, त्यात अडचण नाही. अडचण होते ती न सांगता गेल्याने. आपल्याकडचा निम्मा आजार तापीच्या खोऱ्याने सुरतेकडे ये-जा करतो. नंदुरबार, नवापूर, तळोद्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, ती होळीला परततात. महामार्गावरचे ड्रायव्हर पळासनेरचा नाका ओलांडून मध्य प्रदेशात उतरतात आणि दहा दिवसांनी उगवतात. केंद्राच्या रजिस्टरमध्ये ही माणसं ‘हरवलेली’ म्हणून नोंदली जातात. ती हरवलेली नसतात, फडावर असतात. धडगाव-मोलगीच्या माणसाला केंद्र गाठायला एक दिवस जायला आणि एक दिवस यायला लागतो, पावसाळ्यात रस्ता तुटला तर तेही नाही. अशांसाठी जवळच्या रुग्णालयातलं लिंक एआरटी केंद्र आहे, आणि व्हायरल लोड दाबलेला असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. कोविडच्या काळात हे मोठ्या प्रमाणावर झालं आणि व्यवस्थित चाललं. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी येऊन “फडावर चाललो, होळीला येईन” एवढं सांगणाऱ्याच्या गोळ्या तुटत नाहीत, मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून निघून जाणाऱ्याच्या तुटतात. माझ्या हातात असतं तर उसाच्या हंगामात दोन्ही राज्यांची केंद्रं मिळून रुग्णांची यादी ठेवायला लावली असती. मुकादमाकडे मजुरांची यादी असते, आपल्याकडे रुग्णांची का नसावी?

नाना महिना-दोन महिने जाणार असतील तर इथूनच जास्तीच्या गोळ्या घ्या. कायमचे जाणार असतील तर ‘ट्रान्स्फर आउट’, म्हणजे तिकडच्या केंद्रात नाव हलवणं, मागा. सुरतच्या न्यू सिव्हिल हॉस्पिटलात एआरटी केंद्र आहे, गोळी तीच मिळेल, कारण खरेदी केंद्र सरकारची आहे. नोंदी आता संगणकावर असतात, तरी हिरवं पुस्तक आणि शेवटच्या व्हायरल लोडच्या रिपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवा. माझा स्वतःचा कल मात्र नानांनी गावातच राहावं असा आहे. पंधरा वर्षं ओळखणारा समुपदेशक, स्वतःची बाग आणि घरचं जेवण हे औषधात मोजत नाहीत, पण गोळी न चुकण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

सवलतींचं थोडक्यात. एसटीत एचआयव्ही असलेल्यांना सिकलसेल आणि डायलिसिसच्या रुग्णांप्रमाणे मोफत प्रवासाची सोय आहे, रेल्वेतही एआरटी केंद्राला जाण्यासाठी सवलत आहे. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीग्रस्त बसतात, दरमहा १,५०० रुपये मिळतात, पण उत्पन्नाची अट आहे आणि अर्ज तहसीलला जातो. तिथल्या कारकुनाला कळलेलं गावात कळायला किती वेळ लागतो हे तुम्ही जाणता. ज्या विधवा बाईला त्या पैशांवर चूल पेटवायची असते तिला मी अर्ज करायला सांगतो, आणि घरातला कोण सोबत येईल ते आधी विचारतो. नानांना गरज नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. माहिती हवी असेल तेव्हा १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

उद्या नानांना मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन लागलं आणि एखाद्या दवाखान्याने एचआयव्हीचं कारण सांगून नाही म्हटलं, तर ते बेकायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार, नोकरी, शाळा, घरभाडं यात भेदभाव करता येत नाही. वीस किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. हे खासगी डॉक्टरसमोर शांतपणे म्हणून दाखवलं तरी पुष्कळदा काम होतं.

राहिला लग्नाचा प्रश्न. याच कायद्यानुसार एखाद्याची एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याने उघड करायची नसते. ही माहिती नानांची आहे. सासरी सांगण्याचं कुठलंही बंधन तुमच्यावर नाही, आणि न सांगणं ही फसवणूकही नाही. हा आजार आनुवंशिक नाही. आई निगेटिव्ह आहेत, त्यामुळे जन्मतः तो तुमच्याकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. होणाऱ्या नवऱ्याला विश्वासात घेऊन सांगावं असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर आधी नानांना विचारा. ते नको म्हणाले तर नको. भावाला, मामाला, मध्यस्थाला मधे घालू नका. आणि लग्नाच्या धामधुमीत केंद्राची तारीख येत असेल तर आठवडाभर आधी जाऊन गोळ्या घेऊन या. त्याच फेरीत क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, बीपी आणि हिपॅटायटिस-बी मागून घ्या. समुपदेशकाला कागदावर लिहूनच द्या, गर्दीच्या दिवशी तोंडी सांगितलेलं राहून जातं.